मॅमोग्राफी: शिबिराच्या गाडीत की सेंटरवर?

महिला दिनाच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, गाडी उभी राहते. यंदा धाकट्या जावेनं विचारलं, "ताई, इथेच उरकून घेऊ, की सेंटरवर जाऊ?" तिचं वय ४४. मी गाडीत दोनदा आणि सेंटरवर तीनदा तपासणी करून घेतली आहे. तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

तपासणी म्हणाल तर दोन्हीकडे तीच. चार फोटो: प्रत्येक बाजूचा एक वरून, एक तिरका. थंडगार पट्टी, "श्वास धरा", आणि काही सेकंदांचा दाब. दुखतं का, तर दुखतं. पण दाब नीट बसला की आतलं एकावर एक आलेलं पसरून दिसतं आणि किरणंही कमी लागतात, म्हणून मी ओठ मिटून सोसते. मला फरक जाणवला तो तारखेचा. सेंटरवर पाळी संपल्यानंतरचा आठवडा मागून घेता येतो. गाडी तिच्या ठरल्या दिवशी येते. एकदा नेमकी माझ्या पाळीच्या आदल्या दिवशी आली आणि त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं.

गाडीतून दोन्ही वर्षी मला एका पानाचा रिपोर्ट मोबाइलवर आला. बायरॅड्स म्हणजे निकालाला देतात तो ठरावीक आकडा. माझा 'बायरॅड्स २', म्हणजे काळजीचं काही नाही. मी खूश होते. तिसऱ्या वर्षी सेंटरवर गेले, तर डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, "जुन्या फिल्म आणल्यात?" नव्हत्या. कुणी दिल्याच नव्हत्या आणि मीही मागितल्या नव्हत्या. तिथूनच शिबिरवाल्यांना फोन लावला, तर फोटो आता मिळणार नाहीत म्हणाले.

डाव्या बाजूला वरच्या भागात थोडं दाट दिसत होतं. दोन वर्षांपूर्वीही ते तसंच होतं का, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर देणारा फोटो कुठेच नव्हता. रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' आलं, म्हणजे तपासणी अपुरी. मग जास्तीचे फोटो, सोनोग्राफी, शेवटी 'बायरॅड्स ३': बहुधा साधं, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ते सहा महिने मी विसरले नाही. कणीक मळता मळता हात थांबायचा आणि नकळत डाव्या बाजूला जायचा. पुढच्या फोटोत काहीच बदललेलं नव्हतं. आधीचे फोटो हातात असते, तर कदाचित हे सगळं त्याच दिवशी मिटलं असतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तरी गाडीला नावं ठेवणार नाही. माझ्या सासूबाई ६८व्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा या तपासणीला गेल्या, त्या गाडी फाटकाशी होती म्हणूनच. आणि जिथे यंत्रच पोहोचत नाही, तिथे शिकवलेल्या हातांनी केलेली तपासणीही कमी समजू नये. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांवर अभ्यास केला. आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

जावेच्या बाबतीत वयाचाही मुद्दा आहे. चाळिशीत स्तनाची घडण बहुधा दाट असते. दाट भाग फोटोत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. अशा वेळी डॉक्टरांना गरज वाटली, तर सेंटरवर त्याच फेरीत सोनोग्राफी होते. आमच्या गाडीत ती सोय नव्हती. मात्र हाताला गाठ लागली, कातडीला खळी पडली किंवा बोंडातून रक्त आलं, तर गाडी की सेंटर हा प्रश्नच नाही. सरळ डॉक्टरांकडे जायचं.

तुमच्याकडचं शिबिर फोटो देतही असेल, आधी विचारून बघा. जावेला मी सेंटरच सांगितलं. कुर्ता-सलवार घालून जा, म्हणजे फक्त वरचं काढावं लागेल. काखेत पावडर, डिओ काही लावू नको, त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. आणि पैसे भरण्याआधी विचार, फिल्म किंवा सीडी मिळणार ना? माझ्या तिन्ही सीडी कपाटात विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये आहेत, वर तारखा घातलेल्या.