दोन वायरींच्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट: एका हिवाळ्यानंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर १९३० च्या आधीचं. बेसमेंटमध्ये गॅस बॉयलर, खोल्यांत बिडाचे जाडजूड रेडिएटर, खाली एक आणि वर एक असे दोन झोन (वेगवेगळं तापमान ठेवता येणारे भाग), आणि दोन्हीकडे थर्मोस्टॅटमागे (खोलीचं तापमान बघून बॉयलर चालू-बंद करतो तो) भिंतीतून बाहेर आलेल्या फक्त दोन-दोन वायरी. ऑक्टोबरमध्ये दोन्ही जागी स्मार्ट थर्मोस्टॅट लावले, आता एप्रिल संपतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अडचण आली ती वायरींची, आणि ती कुठल्याही कंपनीचा थर्मोस्टॅट घेतला तरी येईल.

आधी या दोन वायरींचं प्रकरण. एक आर (वीज आणणारी), दुसरी डब्ल्यू (बॉयलरला ‘सुरू हो’ सांगणारी), २४ व्होल्टचा अल्टरनेटिंग करंट. जुना गोल थर्मोस्टॅट म्हणजे नुसता स्विच: खोली गार झाली की तो या दोन वायरी जोडतो आणि बॉयलर सुरू होतो. त्याला स्वतःला वीज लागत नाही. स्मार्ट थर्मोस्टॅटला पडदा असतो, वायफाय असतं, म्हणजे चोवीस तास वीज हवी आणि तिला परतीची वाट हवी. ती वाट म्हणजे सी वायर. पेटीवर ‘सी वायरची गरज नाही’ असं छापलेलं असतं खरं, पण ते छापताना कंपनीच्या डोळ्यांसमोर बहुधा फरनेस (गरम हवा खेळवणारी भट्टी) आणि एसी असलेलं, चार वायरींचं घर असतं. इकोबी या कंपनीचं, सी वायर नसताना वीज पुरवणारं पॉवर एक्स्टेंडर किटसुद्धा थर्मोस्टॅटपाशी चार वायरी असतील तरच कामाचं. दोनच वायरी असल्या की ते तसंच पेटीत राहतं.

सी वायर नसताना काही मॉडेलं हीटिंगच्याच सर्किटमधून थोडा थोडा करंट घेऊन आतली बॅटरी भरतात. खालच्या मजल्यावर पहिले काही आठवडे आम्ही तसंच चालवलं. बेसमेंटमधला रिले, म्हणजे बॉयलरचा विजेवर चालणारा स्विच, मधूनच किरकिरायचा. थंडी वाढली तसं वायफाय तुटायला लागलं, आणि ॲपवर ‘ऑफलाइन’ दिसायचं ते नेमकं आपण बाहेर असताना.

मग वायर ओढायचं ठरलं. खालचा थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, बरोबर बेसमेंटच्या वर, त्यामुळे काम आवाक्यातलं होतं. जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घ्यावी असा बेत होता, पण जुनी आत कुठेतरी स्टेपल ठोकून पक्की केलेली, हलेचना. शेवटी बेसमेंटच्या छतातून भिंतीच्या पोकळीत भोक पाडलं, मी खालून पाच तारांची केबल सरकवत राहिले आणि वर नवरा आकडा घेऊन उभा. बेसमेंटमधल्या झोन कंट्रोलरवर (दोन्ही झोनच्या वायरी येतात ती पेटी) सी टर्मिनल रिकामाच होता. आताच पाच तारांची केबल टाकून ठेवा. उद्या एसी आला तर पुन्हा भिंतीत हात घालावा लागत नाही.

वरच्या मजल्यावर हे शक्य नव्हतं. लाकडी पट्ट्यांवर चढवलेला प्लास्टर, मध्ये आडवे ठोकळे. भिंत फोडल्याशिवाय केबल जाणार नाही. तिथे २४ व्होल्टचा प्लगमध्ये लावायचा ट्रान्सफॉर्मर आणला, वीस-पंचवीस डॉलरचा. त्याच्या दोन वायरी सी आणि आरसीवर (एसीसाठीचा आर), बॉयलरकडून आलेल्या दोन आरएच (हीटिंगचा आर) आणि डब्ल्यूवर, दोन आर जोडणारा मधला जम्पर काढलेला. प्रत्येक मॉडेलला हे चालत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी माहितीपुस्तिका वाचा. भिंतीवरून प्लगपर्यंत पांढरी पट्टी दिसते. दिसू दे.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. वरचा थर्मोस्टॅट सतत दोन-तीन अंश कमी दाखवायचा आणि बॉयलर उगाच चालायचा. कारण त्याच्या मागचं भोक: भिंतीच्या पोकळीतली गार हवा तिथून सरळ सेन्सरवर येत होती. पुट्टीने भोक बुजवलं आणि आकडा ताळ्यावर आला. नव्या थर्मोस्टॅटवर शंका घेण्याआधी त्याच्या मागे बोट लावून बघा.

आता त्याचं ‘स्मार्ट’पण. रेडिएटर म्हणजे बिडाचा तवा, तापायला वेळ आणि निवायला त्याहून जास्त. सुरुवातीला ६८ (फॅरनहाइट) ठेवलं तर खोली ७१ वर जायची, कारण बॉयलर बंद झाल्यावरही बीड उष्णता सोडत राहतं. सेटिंगमध्ये हीटिंगचा प्रकार ‘फरनेस’ऐवजी ‘रेडिएटर’ केला, बॉयलर चालू-बंद होण्याच्या तासाला तीन सायकल ठेवल्या (वाफेवरचे रेडिएटर असतील तर एक), मग स्थिरावलं. रात्री सात-दहा अंश उतरवा म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत बचत, हा अमेरिकी ऊर्जा खात्याचा सल्ला आमच्याकडे पचला नाही. इतकं उतरवलं की सकाळचे दोन तास कुडकुडण्यात जातात. आम्ही तीन अंशांवर थांबलो.

घरात कुणी नाही असं समजून तापमान उतरवणारी सोय बंद केली. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई दुपारी खुर्चीत वाचत बसतात, सेन्सर पॅसेजमध्ये. त्याच्या हिशोबाने घर रिकामं! मग त्यांच्या खोलीत वेगळा सेन्सर ठेवला आणि दिवसा तोच प्रमाण मानायला सांगितलं. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त पैसे वसूल झाले ते त्या छोट्या सेन्सरमध्ये. ६८ म्हणजे आपले २० असं त्यांना समजावलं तेव्हा म्हणाल्या, “मग थंडी वाजते त्यात नवल काय? वीसला आमच्याकडे लोक स्वेटर काढतात.” ७१ वर तह झाला.

गॅसचं बिल कमी आलं, पण दोन हिवाळे सारखे नसतात. एनर्जी स्टार, म्हणजे अमेरिकी सरकारचा ऊर्जाबचतीचा शिक्का, सरासरी आठ टक्के बचत सांगतं. ७१ वर तेवढी होत असेल असं मला वाटत नाही.

जुना गोल थर्मोस्टॅट काढलात तर कचऱ्यात टाकू नका, आत पारा असू शकतो. काउंटीच्या घातक कचरा संकलनाला द्या. तो डबा पन्नास वर्षं बिनतक्रार चालला, हेही सांगायला हवं. उलट २०११ साली आलेल्या पहिल्या नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅटचा ॲपशी संबंध गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये तोडला.

पुन्हा घ्यायचा झाला तर खालचा नक्की घेईन. वर साधा, बॅटरीवर चालणारा प्रोग्रॅमेबल पुरला असता, ट्रान्सफॉर्मरही लागला नसता. आणि तुमच्या थर्मोस्टॅटमागे जाड वायरी नि त्यांवर टोप्या दिसल्या तर यातलं काहीच करू नका. ते १२० किंवा २४० व्होल्टचं बेसबोर्ड हीटिंग (भिंतीच्या तळाशी लावलेले विजेचे हीटर) असतं. त्याचे थर्मोस्टॅट वेगळे मिळतात, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.