हॅमस्टरचा पिंजरा घेताय? आधी चाक बघा

लेकीच्या हॅमस्टरसाठी दादरहून पिंजऱ्याचा सेट आणला, पिंजरा मजबूत आहे, दार घट्ट लागतं, पाण्याची बाटलीही गळत नाही, पण सोबतचं चाक प्लीज वापरू नका. तारेच्या दांड्यांचं आणि इतकं छोटं की आमचा लाडू पळताना पाठ पार धनुष्यासारखी वाकवायचा, एकदा मागचा पाय दांडीत अडकला, रात्री दोनला त्याचं चिरकणं ऐकून धावलो, नशीब मोडला नाही. सिरियन या मोठ्या जातीच्या हॅमस्टरला साधारण २८ सेंटीमीटरचं, आतून सपाट चाक लागतं, ते वेगळं घ्या. आणि खोक्यावर जोडीचा फोटो आहे म्हणून दोन आणू नका, सिरियन एकेकटेच ठेवायचे, भांडून जीव घेतात एकमेकांचा. पावसाळ्यात खालचा भुसा दमट होतो, रोज चाचपून बघा.