बर्बन की राय? काही महिने दोन्ही शेजारी ठेवल्यानंतर

बर्बन आणि राय हे अमेरिकन व्हिस्कीचे दोन प्रकार. पण लेबलवर बर्बन लिहिलंय की राय, एवढ्यावरून बाटलीतली चव कळत नाही, असं माझं आता पक्कं मत झालंय. गेल्या ऑक्टोबरपासून घरच्या कपाटात पाच बाटल्या उघडून ठेवल्या आहेत: मेकर्स मार्क, वाइल्ड टर्की १०१, फोर रोझेस सिंगल बॅरल, रिटनहाउस राय आणि बुलेट राय. संपली की तीच पुन्हा आणायची, असा नियम. आम्ही ओहायोतल्या सिनसिनाटीत राहतो. नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी सुरू होतं, आणि पश्चिमेला थोडंसं गेलं की इंडियाना, त्यामुळे बाटलीवर छापलेली गावं आमच्यासाठी शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत.

या पाचच का, तर त्यांच्यातल्या राय या धान्याच्या प्रमाणासाठी. मेकर्समध्ये राय अजिबात नाही, तिथे गहू आहे. वाइल्ड टर्कीत ती १३ टक्के, फोर रोझेस सिंगल बॅरलमध्ये ३५, रिटनहाउसमध्ये ५१ आणि बुलेट रायमध्ये ९५ टक्के. चढत्या क्रमाने ठेवल्या की कपाटात पायऱ्या तयार होतात. शिवाय मधल्या तिघींची ताकद जवळजवळ सारखी आहे, ५० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तुलना करताना एकीवर अन्याय होत नाही. दोन टोकांच्या दोघी ४५ टक्क्यांच्या.

अमेरिकन कायद्यात बर्बनसाठी मका किमान ५१ टक्के लागतो. पिंप नव्या ओकचं आणि आतून जाळलेलं हवं, भट्टीतून निघताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नको, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको, आणि बाहेरून रंग किंवा स्वाद घालायला बंदी. राय व्हिस्कीला जवळजवळ हेच नियम लागू, फक्त मक्याच्या जागी राय ५१ टक्के. बाकीच्या ४९ टक्क्यांत काय असावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सगळी गंमत या उरलेल्या भागात आहे. ३५ टक्के राय असलेली बर्बन आणि ३५ टक्के मका असलेली राय, या दोघींमध्ये अंतर ते किती उरणार?

मेकर्स मार्कबद्दल थोडक्यात सांगतो. लोरेटोची, लाल मेणाची, गव्हामुळे मऊ. पहिल्या घोटात व्हॅनिला आणि मध, मागे तिखटपणा नाही. ज्यांनी आधी फक्त स्कॉच घेतली आहे अशा पाहुण्यांना मी आधी हीच देतो, आणि बहुतेकांना आवडते. माझ्यासाठी मात्र ती रात्रीच्या जेवणानंतरची, कशाशिवाय नुसतीच घ्यायची व्हिस्की राहिली. बिटर्स (कॉकटेलमध्ये थेंबांनी घालायचा कडू अर्क), व्हर्मुथ (मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन) किंवा चमचमीत खाणं शेजारी आलं की ती मागे सरकते.

वाइल्ड टर्की १०१ वर मी जास्त बोलणार, कारण या महिन्यांत सर्वात जास्त वेळा संपलेली बाटली तीच. केंटकीतल्या लॉरेन्सबर्गला, केंटकी नदीच्या उंच काठावर ही डिस्टिलरी आहे. इथले मास्टर डिस्टिलर, म्हणजे व्हिस्की बनवण्याचे प्रमुख, जिमी रसेल १९५४ साली इथे कामाला लागले आणि पुढे मुलगा एडीही त्याच कामात आला. त्यांच्या हट्टाचा एक भाग थेट ग्लासात कळतो. कायदा ६२.५ टक्क्यांपर्यंत परवानगी देत असताना इथे स्पिरिट ५७.५ टक्क्यांवरच पिंपात भरतात. ताकद कमी असली की पाणी जास्त असतं, आणि लाकडातली पाण्यात विरघळणारी साखर अधिक उतरते. नंतर ५०.५ वर आणताना वरून पाणीही फार घालावं लागत नाही. पिंप आतून सर्वात खोल पातळीपर्यंत जाळतात, लाकडावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडेपर्यंत. त्यामुळे चवीत जळक्या साखरेची कडवट कड, काकवी, दालचिनी, आणि शेवटी जिभेवर बराच वेळ राहणारी मिरी. राय १३ च टक्के असूनही ती तिखट लागते. धान्याच्या आकड्यावरून अंदाज बांधणाऱ्यांनी ही बाटली जरूर घ्यावी.

त्याच लॉरेन्सबर्गमध्ये फोर रोझेसही आहे, स्पॅनिश धाटणीच्या पिवळसर इमारतीत. या ब्रँडचा इतिहास मला मनापासून आवडतो. सीग्रॅम या कॅनेडियन दारू कंपनीच्या काळात अमेरिकेत या नावाने हलकी ब्लेंडेड व्हिस्की विकली जायची आणि खरी बर्बन जपान आणि युरोपला जायची. २००२ मध्ये जपानच्या किरिनने ती घेतली, आणि तिथले मास्टर डिस्टिलर जिम रटलेज यांच्यासारख्या माणसांनी इतकी वर्षं धरलेल्या आग्रहाला यश येऊन बर्बन पुन्हा घरच्या बाजारात आली. दोन प्रकारचं धान्यमिश्रण आणि पाच यीस्ट, अशा दहा पाककृती ते वेगवेगळ्या पिंपांत मुरवतात. सिंगल बॅरलमध्ये जास्त राय असलेलं मिश्रण येतं. पेअर, पिकलेलं आलुबुखार, फुलांचा वास, आणि त्यामागून लवंग. एक मात्र लक्षात ठेवा, प्रत्येक बाटली एकाच पिंपातली असते, त्यामुळे दोन बाटल्या हुबेहूब सारख्या निघत नाहीत. लेबलवर गोदाम आणि पिंपाचा क्रमांक असतो. माझी हिवाळ्यातली बाटली फळांकडे झुकलेली होती, सध्याची चांगलीच मसालेदार आहे. मला हा फरक आवडतो. ज्याला दर वेळी तीच चव हवी त्याने याच घरची स्मॉल बॅच (अनेक पिंपांतली मिसळून भरलेली) घ्यावी.

आता रिटनहाउस. नाव फिलाडेल्फियातल्या चौकाचं, मूळ पेनसिल्व्हेनियाचं, पण आज ती केंटकीत हेवन हिल या कंपनीकडे बनते. राय व्हिस्की एकेकाळी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची ओळख होती. दारूबंदीच्या १९२० ते १९३३ या काळाने तिथल्या भट्ट्यांचं कंबरडं मोडलं, आणि जी नावं तगली ती हळूहळू केंटकीच्या आसऱ्याला आली. केंटकीवाल्यांनी राय केली ती त्यांच्या पद्धतीने, कायद्याला लागेल तेवढीच राय आणि बाकी भरपूर मका. म्हणून रिटनहाउस गोड लागते. कोको, संत्र्याची साल, भाजलेला ओक, मग दालचिनी. तिच्यावर ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का आहे. हा १८९७ चा कायदा: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. त्या काळी व्हिस्कीत तंबाखूच्या पाण्यापासून काय काय मिसळलं जायचं, त्यावर हा उपाय होता. आजही कमी पैशांत खात्रीची बाटली हवी असेल तर मी दुकानात आधी हा शिक्का शोधतो.

बुलेट राय ही पूर्ण वेगळी जात. ती बाजारात आली तीच मुळी दुसऱ्या लॉरेन्सबर्गमधून, इंडियानातल्या. तिथली मोठी डिस्टिलरीसुद्धा एकेकाळी सीग्रॅमचीच, म्हणजे फोर रोझेसची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. ९५ टक्के राय, ५ टक्के बार्लीचं माल्ट, मका शून्य. नाकाला पुदिना, ओली बडीशेप, शेपूची भाजी निवडताना हाताला लागतो तसा हिरवा वास. अंग हलकं, गोडवा कमी. पहिल्या आठवड्यात ती मला परकी वाटली. जानेवारीपर्यंत मी मुद्दाम तिच्याकडे वळायला लागलो, विशेषतः तळलेल्या खाण्याबरोबर. कोथिंबीर वडी आणि बुलेट रायचा छोटा पेग, वर मोठा बर्फाचा खडा, ही जोडी आमच्याकडे आता कायमची झाली आहे.

माझं मत पक्कं झालं ते फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी. चार मित्र जमले होते. एकाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, आतल्या खोलीत पंधरा-पंधरा मिली ओतून ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या. आमच्यातला सर्वात जुना बर्बनवाला ठामपणे म्हणाला, “तीन नंबर बर्बन, चार नंबर राय. यात शंकाच नाही.” तीन नंबर रिटनहाउस होती आणि चार नंबर फोर रोझेस. त्याने विचारलं, “वहिनी, ग्लास इकडचे तिकडे झाले नाहीत ना?” वहिनी म्हणाल्या, “अहो भाऊजी, चिठ्ठी माझ्याच अक्षरातली आहे, बघा की!” बाकी तिघांपैकी दोघांचीही तीच गल्लत झाली. बुलेट राय मात्र चौघांनीही नुसत्या वासावर ओळखली, आणि मेकर्सबद्दलही कुणाला शंका आली नाही. टोकं स्पष्ट, मधला पट्टा एकमेकांत मिसळलेला. त्या पट्ट्यात बर्बन आणि राय ही विभागणी कागदावरची आहे.

महिनोन् महिने ठेवल्यावर काय होतं, हेही लिहितो, कारण दुकानात चाखून ते कळत नाही. बाटली अर्ध्याखाली आली की आत हवा जास्त होते आणि चव बदलायला लागते. ५० टक्क्यांच्या तिघींनी हे चांगलं सोसलं. वाइल्ड टर्की तर उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अधिक गोल झाली, सुरुवातीचा अल्कोहोलचा झणका उतरला. ४५ टक्क्यांच्या बाटल्यांचा तळाचा चतुर्थांश भाग लवकर संपवलेला बरा. मी आता उरलेली व्हिस्की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवतो, फरक पडतो. बाटली नेहमी उभीच ठेवा, वाइनसारखी आडवी नको, कारण अल्कोहोल बूच खातं. एका जुन्या बाटलीचं बूच उघडताना तुटून आत पडलं, तेव्हा कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून घ्यावी लागली. चवीचं काही बिघडलं नाही.

कॉकटेलमध्ये माझा कौल स्पष्ट आहे. मॅनहॅटनला रिटनहाउस. गोड व्हर्मुथच्या खाली ती दबत नाही आणि मक्यामुळे कोरडीही पडत नाही. ओल्ड फॅशन्डला वाइल्ड टर्की, साखर अगदी बेताची. बुलेट राय आल्याच्या सोड्यात लिंबू पिळून. व्हर्मुथ उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. अनेकांचं मॅनहॅटन बिघडतं ते व्हिस्कीमुळे नाही, कपाटात महिनोन् महिने पडलेल्या व्हर्मुथमुळे. फोर रोझेस मी कशातही मिसळत नाही. चार थेंब पाणी, बस.

भावाचं म्हणाल तर ओहायोत कडक दारूची किंमत राज्यच ठरवतं, दुकानागणिक फरक नाही. वाइल्ड टर्की आणि रिटनहाउस या दोन्ही इथे मधल्या भावात येतात, आणि ज्या बाटल्यांसाठी लोक पहाटेपासून रांगा लावतात त्यांच्यापेक्षा रोजच्या वापरात मला या दोन्ही जास्त समाधान देतात. रांगेतल्या बाटल्या मित्रांकडे चाखल्या आहेत. छान असतात, पण तिप्पट-चौपट पैशांइतक्या छान नाहीत.

भारतात जाणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, “पुण्याला काय नेऊ?” करमुक्त सवलत २ लिटरची, इकडची बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोन बाटल्या आरामात बसतात. बर्बनवरचं आयात शुल्क २०२५ च्या फेब्रुवारीत १५० टक्क्यांवरून १०० वर आलं. मेकर्स मार्क तर तिकडच्या मोठ्या शहरांत मिळतेच, तेव्हा बॅगेतली जागा तिच्यावर घालवू नका. आणि वाइल्ड टर्कीसोबत रिटनहाउसही नेऊ नका, दोघी फार जवळच्या आहेत, घरच्यांना फरक दाखवायचा तर तो दिसणार नाही. वाइल्ड टर्की १०१ आणि बुलेट राय न्या. एप्रिलमध्ये मी मोठ्या भावाकडे याच दोन नेल्या. वाइल्ड टर्की त्याने स्वतःसाठी ठेवली, बुलेट वहिनींनी उचलली.