फीड हाताने लिहावी की फॉर्म भरून?

खानापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांची आरएसएस फीड (नव्या नोंदी वाचकांच्या फीड-वाचक ॲपमध्ये आपोआप पोचवणारी यादी) मी दोन्ही तऱ्हांनी चालवली आहे. फीडची एक्सएमएल फाइल, म्हणजे ठराविक खुणांच्या साच्यातला मजकूर, हाताने लिहिली की सगळं आपल्या ताब्यात. पण मजकुरात 'अँड'चं एक चिन्ह (&) जरी '&' असं न लिहिता तसंच सुटलं, तरी अख्खी फाइल सदोष ठरते. ऑनलाइन फॉर्ममध्ये शीर्षक, दुवा, वर्णन भरायचं. चिन्हं आणि तारखेचा साचा चांगला फॉर्म स्वतः सांभाळतो. निपाणी, बेळगावहून आळीपाळीने नोंदी टाकणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना हेच झेपतं. मात्र फीडचा पत्ता त्या सेवेचाच असेल, तर ती बंद पडताच सगळे वर्गणीदार तुटतात. म्हणून मी फॉर्मच निवडेन, पण तयार फाइल आपल्याच संकेतस्थळावर ठेवून. आणि जुन्या नोंदीची जीयूआयडी, म्हणजे तिची कायमची ओळखखूण, बदलू नये. बदलली की तीच बातमी नवी म्हणून पुन्हा दिसू लागते.