ट्यूलिपचे म्हणून कांदे लावले, ८,८४७ रुपये गेले

आधी आकडा लिहिते, कारण घरात अजून कुणाला पूर्ण सांगितलेला नाही. कंदांचे ४,७९९, कुरिअरचे ३४९, ‘थंडी दिलेले कंद’ म्हणून वरचे १,२००, माळ्याची मजुरी १,५०० आणि जानेवारीत ‘बदलून देतो’ म्हणून घेतलेले ९९९. एकूण ८,८४७.

एप्रिलमध्ये श्रीनगरला दल सरोवराजवळची ट्यूलिपची बाग पाहून आलो, तेव्हापासून आपल्या लॉनमध्येही असं काही फुलावं असं मनात होतं. ऑक्टोबरात मोबाइलवर जाहिरात आली: हॉलंडचे १२० कंद, नागपूरच्या हवेत फेब्रुवारीत हमखास फुलणार. मी काही डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. ट्यूलिपच्या कंदाला बारा-चौदा आठवडे सलग गारवा लागतो आणि आपल्याकडची थंडी त्याला पुरत नाही, हे मला माहीत होतं. तसं विचारलंसुद्धा. “मॅडम, आम्ही कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवूनच पाठवतो.” असे कंद खरोखरच मिळतात, म्हणून मी १,२०० जास्तीचे दिले.

६ नोव्हेंबरला खोकं आलं. माळीदादांनी एक कंद उचलला, साल चोळून नाकाशी नेली आणि म्हणाले, “ताई, हे त कांदे वाटून राहिले.”

वास मलाही आला होता. तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, ट्यूलिप कांद्याच्याच घरातलं, वास येणारच. आणि मी, उभा जन्म मातीत घालवलेल्या माणसाला म्हटलं, “दादा, तुम्हाला यातलं माहीत नाही.” ते गप्प बसले. या एका वाक्याची मला पैशांहून जास्त लाज वाटते. एक कंद तिथेच विळीवर चिरला असता तर डोळ्यांना लागलेल्या धारेनेच उत्तर दिलं असतं. तुम्ही कुणीही कंद मागवले तर एक चिरून बघाच, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही.

मग दोन दिवस खपून लावले. मूठभर कंद गवतावर उधळायचे, पडतील तिथेच कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल पुरायचे, म्हणजे ते आपसूक उगवल्यासारखे दिसतात. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून प्रत्येक खड्ड्यात वाळू घातली. पंधरा दिवसांत पात वर आली, गोल आणि पोकळ. ट्यूलिपचं पान रुंद, चपटं असतं. तरी विक्रेत्याचं “पहिली पानं अशीच येतात” हे मी ऐकून घेतलं. जानेवारीत ९९९ घेतले आणि नंबर बंद.

माल परत करायची मुदत सात दिवसांची, फूल यायला तीन महिने. त्यांचा सगळा डाव यावरच आहे. कंद, बिया, कलमं विकणाऱ्या अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देऊच नका.

पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, “पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कशी?” मी म्हटलं, पैसे ट्यूलिपचे घेतले आणि कांदे दिले, याला काय म्हणायचं? त्यांनी सायबरकडे पाठवलं. तिथे रक्कम ऐकून म्हणाले, आधी ठाण्यातून अर्ज घेऊन या. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेले, तर पावतीचा कागद छापून आणा. चार चकरा, प्रत्येक वेळी तासभर बाकावर, आणि शेवटी एक शिपाई हसत म्हणाला, “भजी करून टाका, मॅडम.” माझं वय साठ आहे. लाखांची फसवणूक झाली तरच माणूस फसतो का? बँकेत गेले तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, पण विक्रेत्याचा पत्ता तर हवा! खोक्यावरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र परत आलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या, त्याच दिवशी करा. मी केला तो तीन महिन्यांनी.

लॉनमध्ये कंदच हवे असतील तर निशिगंध लावा, रेन लिली लावा, जवळच्या नर्सरीतून, हाताने चाचपून घ्या. आपल्या उन्हाळ्यातही तगतात.

परवा तीच जाहिरात वेगळ्या नावाने दिसली, ३,९९९ रुपयांत. फोटोत गर्द निळे ट्यूलिप आहेत. ट्यूलिपमध्ये तसा निळा रंग नसतोच.