व्हेंटिलेटर की घरची खाट?

आमच्या खानापूरच्या आत्याला शेवटच्या स्टेजला बेळगावात आयसीयूत ठेवलं तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे देवाने दिलेला जीव आपण कसा सोडायचा, मशीन लावाच, दुसरी म्हणे घरी न्या.

आयसीयूचा फायदा आहेच की, न्यूमोनियासारखं बरं होणारं काही असेल तर तिथंच न्यायला पाहिजे, त्यात वादच नाही. पण कॅन्सर सगळीकडे पसरलाय आणि नळ्यांमुळे माणूस बोलूही शकत नाही, मग फादर येऊन तेल लावून प्रार्थना करणार तर भेटीला मोजून दहा मिनिटं (आणि बाहेर वॉचमन घड्याळ बघत उभा!).

कॅथलिक चर्च मशीन लावाच असं म्हणत नाही बरं का. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की असाधारण उपाय करायची सक्ती नाही. इंजेक्शन देऊन मारणं मात्र साफ नामंजूर. पोप जॉन पॉल दुसरे स्वतः २००५ मध्ये हॉस्पिटलात परत न जाता व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच वारले.

घरी त्रास पण कमी नाही, मॉर्फिन सहज मिळत नाही, रात्री कूस कोण बदलणार? कायद्याचं म्हणाल तर २०१८ पासून लिव्हिंग विल (शेवटी मशीन नको असं आधीच लिहून ठेवणं) चालतं, कर्नाटकानं जानेवारी २०२५ मध्ये तसा आदेशही काढला, पण मशीन काढायला डॉक्टरांची दोन बोर्डं लागतात.

मला विचाराल तर घर. आत्याला घरी आणून चमच्यानं पेज भरवली, तिनं स्वतः 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सुरू केली, अर्ध्यावर झोप लागली.