दोन एचपीची हॅमर मिल: यंत्र चोख, पण जाळी पारखून घ्या

घरच्या गोठ्यापुरता भरडा काढायला दोन एचपीची हॅमर मिल पुरते. फिरत्या लोखंडी पात्या दाणा फोडतात, फुटलेला दाणा जाळीच्या भोकांतून खाली पडतो. रचना इतकी साधी की बरीचशी दुरुस्ती घरीच होते.

तरी भरडा बिघडतो तो जाळीमुळे. दोन मिलिमीटरची जाळी बसवून मका भरडला की पीठच हाती येतं, आणि ते दुभत्या जनावराला घातक. पिठातला स्टार्च कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात, झपाट्याने आंबतो, आम्लता वाढते, रवंथ मंदावतं, शेण पातळ होतं, दुधाची फॅट उतरते. गहू आणि जव याबाबतीत मक्याहून जास्त धोक्याचे. म्हणून मक्याला ६ ते ८ मिलिमीटरची जाळी हवी; दाण्याचे तुकडे हाताला लागले पाहिजेत. अख्खा मका द्यावा तर बराचसा शेणातून तसाच बाहेर पडतो.

ज्वारीचं गणित उलटं. दाणा जेमतेम चार मिलिमीटरचा, सहाच्या जाळीतून तो न फुटताच निसटतो. तिला तीनची जाळी लावा आणि मका-ज्वारी एकत्र कधीच भरडू नका. जाळी बरोबर आहे का हे शेण सांगतं: मूठभर शेण चाळणीत धुऊन बघा, अख्खे दाणे राहिले तर जाळी मोठी. शेळ्या-मेंढ्या दाणा नीट चावतात, त्यांच्या मक्या-जवासाठी यंत्र चालवायची गरजच नाही.

धान्यात ओल १४ टक्क्यांच्या वर असली की भरडा जाळीला थापला जातो, मोटर तापते. यंत्र रिकामं सुरू करा, पूर्ण वेग आल्यावरच हॉपरची, म्हणजे दाणा ओतायच्या पेटीची, झडप उघडा. बंद करताना आधी झडप, मग बटण. हॉपरमध्ये लोहचुंबक नसेल तर बसवून घ्या, एक खिळा जाळी फाडतो. पात्यांचे कोपरे गोल झाले की त्या उलटवा. बदलायच्या तर समोरासमोरची जोडी सारख्या वजनाची घ्या, नाहीतर थरथर वाढून बेअरिंग जातं. धूळ भरपूर उडते. तोंडाला फडकं हवंच आणि जवळपास विडी-काडी नको.

आठवड्यापुरताच भरडा काढा, फुटलेल्या दाण्याला खवट वास लवकर लागतो. बुरशी आलेला मका मात्र यंत्रात घालूच नका. भरडल्यावर बुरशी डोळ्यांना दिसेनाशी होते, तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, तसंच राहतं आणि दुधात उतरतं.

मका-ज्वारी हा मुख्य खुराक असेल तर हे यंत्र जरूर घ्यावं. गाईंना जव किंवा गहूच द्यायचा असेल, तर दाणा चेपणारी रोलर मिल बघा. तिच्यात पीठ कमी पडतं.